सासूबाईंच्या स्की आणि एक बूच

लेकीच्या बावीस वर्षांच्या संसारात बोर्गहिल्डने जावयाच्या हातात कॉफीच्या कपाखेरीज काहीही विश्वासाने दिलं नव्हतं. हाल्वरने कुऱ्हाड मागितली तर "राहू दे, मीच फोडते लाकडं." गाडीची किल्ली मागितली तर "इथल्या रस्त्यांवर बर्फ असतो हो जावई, पाऊस नव्हे." हाल्वर पडला बर्गनचा, समुद्रकाठचा. बर्गनची माणसं हातात छत्री घेऊनच जन्माला येतात आणि स्की फक्त टीव्हीवर बघतात, असं या डोंगराळ खोऱ्यातले लोक मानतात. बोर्गहिल्ड तर ते बायबलात लिहिल्यासारखं मानायची. माणूस शाळेत गणित शिकवतो, चार पोरांना त्याच्यामुळे भागाकार येतो, याचं तिला काडीचंही कौतुक नव्हतं.

म्हणून ईस्टरच्या आधीच्या सोमवारी ती स्वयंपाकघराच्या दारातून आत आली, खांद्यावरच्या स्की भिंतीला टेकवल्या आणि म्हणाली, "खटके बदलून दे," तेव्हा हाल्वरने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी?" त्याने विचारलं.

"मग काय राजाला सांगू?"

गोष्ट अशी होती की बोर्गहिल्डच्या बुटांनी त्या हिवाळ्यात राम म्हटला होता. चाळीस वर्षं वापरलेल्या बुटांचे तळवे पुढून उघडले आणि चालताना टाळ्या वाजवू लागले. शहात्तराव्या वाढदिवसाला लेकीने, म्हणजे हाल्वरच्या बायकोने, इंगुनने, तिला नवे बूट आणले. बूट झकास होते, पण ते जुन्या खटक्यांत बसेनात. खटका म्हणजे बुटाचं नाक स्कीवर पकडून ठेवणारा तो लोखंडी जबडा. टाच मोकळीच असते. त्याला सगळे बाइंडिंग म्हणतात, पण बोर्गहिल्ड खटकाच म्हणायची. तेव्हा बुटांपाठोपाठ खटकेही नवे आले. राहता राहिल्या स्की. त्या बदलायचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, सिग्वाल्डने, लग्नात दिलेल्या लाकडी स्की त्या. तळाला दरवर्षी डांबर पाजून पाजून काळ्याकुळकुळीत झालेल्या.

गावात आर्नफिनचं खेळसामानाचं दुकान आहे. त्याच्याकडे यंत्र आहे, अर्ध्या तासात काम झालं असतं. बोर्गहिल्ड गेलीही होती. पण त्या गाढवाने स्की हातात घेऊन म्हटलं, "बोर्गहिल्ड, या आता भिंतीवर लाव. मधे एक घड्याळ टांग, छान दिसेल." बोर्गहिल्डने स्की उचलल्या आणि ती बाहेर पडली. त्या दिवसापासून तिने त्या दुकानातून बुटाची नाडीसुद्धा घेतली नाही.

"शुक्रवारी लागणार आहेत मला," ती म्हणाली.

हे हाल्वरला सांगायची गरज नव्हती. दर गुड फ्रायडेला बोर्गहिल्ड स्कार्व्हनूटच्या माथ्यावर जाते, हे खोऱ्यातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. आधी सिग्वाल्डबरोबर जायची. तो गेल्यापासूनची नऊ वर्षं लेक-जावई सोबत जायचे, पण सोबत म्हणजे मागे. वर दगडांची रास आहे, तिथे बसून संत्रं सोलायचं आणि एक फोड सिग्वाल्डच्या नावाने दगडावर ठेवून उतरायचं. तापात गेली, पोटुशी असताना गेली, एका वर्षी हात मोडलेला असताना गेली. यंदाची पन्नासावी खेप होती. स्की बिघडल्या असत्या तर तीच चुकणार होती.

"सिग्वाल्डने एका तासात बसवले होते," दाराशी पोचल्यावर ती म्हणाली. "एक ओरखडा नाही."

ती गेल्यावर हाल्वर बराच वेळ स्कींकडे बघत उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला रडू येईल की काय असं झालं होतं.

"आर्नफिनकडे गुपचूप देऊन ये," इंगुन म्हणाली. "पाय धरते मी तुझे."

"तिने मला सांगितलंय, इंगुन. मला!"

"तेच तर म्हणतेय. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

पण बावीस वर्षं उपाशी असलेल्या माणसासमोर ताट आलं, तर तो दुसऱ्याला वाढून देईल का? हाल्वरने चौकडीचा कागद काढला, तीन रंगांच्या पेन्सिली काढल्या आणि स्कीचा नकाशा काढायला बसला.

मंगळवारी त्याने जुने खटके काढले. जुने स्क्रू निघाले की भोकं उरतात आणि त्यांत पाणी शिरलं की लाकूड सडतं. म्हणून बर्च झाडाच्या काटक्या तासून त्याने बारीक खुंट्या केल्या आणि गोंद लावून प्रत्येक भोकात एकेक ठोकली. उजव्या स्कीची चार भोकं सरळ, बेताची होती. डावीच्या चारही भोकांत मात्र खुंटी दरवेळी अपेक्षेपेक्षा जास्त खाली जाई. जुनं लाकूड, झिजलं असेल, असं म्हणून त्याने खुंट्या लांब केल्या. सगळं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाललं होतं. बाहेरच्या खोपटात शून्याखाली आठ अंश होतं आणि तिथे गोंद वाळता वाळता ईस्टर उलटून गेला असता. ते टेबलही सिग्वाल्डनेच केलेलं, लेकीला लग्नात दिलेलं. त्या घरात सिग्वाल्डने न केलेलं असं फारसं काही नव्हतंच, एक जावई सोडला तर.

बुधवारी तोल काढायचा होता. नवा खटका बसवायचा तर स्की नेमकी कुठे तोलते ते आधी शोधावं लागतं. पुढे बसवला तर स्की नाक खुपसते, मागे बसवला तर शेपूट ओढते. हाल्वरने चीज तासायची सुरी उभी धरली आणि तिच्या पात्यावर स्की आडवी ठेवली. स्की डावीकडे कलली. त्याने केसभर सरकवली. उजवीकडे कलली.

"श्वास रोखून धर," तो इंगुनला म्हणाला.

"मी कुठे मधे आले?"

"तुझ्या श्वासाने हलतेय ती."

"मग मी मरू का दोन मिनिटं?"

शेवटी स्की तोलली. हाल्वरने पेन्सिलीने रेघ मारली. मग खटक्याच्या डब्यातला कागदी साचा त्या रेघेवर चिकटवला आणि प्रत्येक भोकाच्या जागी खिळ्याने टोचा मारला. जुन्या भोकांपासून अंतर मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, इंगुनला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं. इथवर त्याच्या कामात खोट काढायला खुद्द बोर्गहिल्डलाही जागा नव्हती.

पुढची पायरी म्हणजे भोकं पाडणं. एका स्कीला पाच, दोन्हींना मिळून दहा. खोली सव्वा सेंटिमीटर, कारण तिथे स्कीची जाडी जेमतेम दोन. डब्यातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की ड्रिलच्या टोकाला सव्वा सेंटिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी लाकडाला टेकली की थांबा. साधी गोष्ट होती. आर्नफिनच्या दुकानातल्या पोराला कळते ती गोष्ट. पण गणिताच्या मास्तरला साध्या गोष्टीत राम वाटत नाही.

"पट्टी सरकते," हाल्वर म्हणाला. "मला सरकणारी वस्तू नको. मला काहीतरी ठाम हवंय."

त्याने मेणाची पेटी उघडली. आमच्याकडे घरात एक वेळ मीठ नसेल, पण मेणाची पेटी असतेच: थंडीच्या अंशांप्रमाणे निळं, जांभळं, लाल मेण आणि ते स्कीच्या तळावर घासून बसवायला मुठीएवढं बूच. हाल्वरने बूच उचललं आणि ड्रिलचं टोक त्यातून आरपार घातलं, असं की पलीकडे बरोबर सव्वा सेंटिमीटर बाहेर यावं. बूच लाकडाला टेकलं की ड्रिल पुढे जाणार नाही. हाताला मऊ आणि लाकडाला ओरखडा नाही. त्याला स्वतःच्या अकलेचा इतका अभिमान वाटला की त्याने इंगुनला दाखवलं.

"हे कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.

"कुठेच नाही. मी काढलं शोधून."

"मला तेच विचारायचं होतं."

त्याने जळणाच्या एका ओंडक्यात भोक पाडून पाहिलं. मोजलं. बरोबर सव्वा सेंटिमीटर. आणि एका भोकावरून पुढच्या दहा भोकांची खात्री बाळगून हा मास्तर कामाला लागला! त्याच्या वर्गातल्या पोराने असं केलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं.

उजव्या स्कीची पाच भोकं देखणी पडली. डावीची पहिली तीनही चांगलीच वाटली. एक गोष्ट मात्र हाल्वरच्या लक्षात आली नव्हती. ड्रिल फिरताना बूच दर भोकाला टोकावरून थोडं थोडं वर चढत होतं. एका भोकाला ते कळलंही नसतं. आठव्या भोकापर्यंत ते चांगलंच चढलं होतं. नवव्याला हाल्वरला वाटलं की हे लाकूड जरा टणक आहे, आणि त्याने अंगाचा भार दिला.

ड्रिल खाली गेलं. मग आणखी खाली गेलं. भोकातून काळपट भुसा येत होता, तो एकाएकी पांढरा झाला.

हाल्वरने ड्रिल थांबवलं. टोक बाहेर काढायला गेला तर ते निघेना. स्की उचलायला गेला तर स्कीबरोबर टेबलाचा पाय उचलला जाऊ लागला.

"झालं का?" इंगुनने बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"झालं."

"मग उचल ना ते सगळं. मला वॉफल करायचेत."

"उचलत नाहीये."

इंगुन आली. तिने ड्रिल पाहिलं, स्की पाहिली, टेबल पाहिलं आणि मग नवऱ्याचं तोंड पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने स्की धरली, हाल्वरने ड्रिल उलटं फिरवलं आणि एकाने ढकलून, एकाने ओढून दोघांनी आईची स्की बाबांच्या टेबलापासून सोडवली. टेबलात वाटाण्याएवढं भोक राहिलं. स्कीतून पाहिलं तर खिडकी दिसत होती.

"पन्नासावी खेप," हाल्वर म्हणाला आणि खुर्चीत बसला. "पन्नासावी, इंगुन! एकोणपन्नास वर्षं त्या बाईला काही अडवू शकलं नाही. मी अडवलं."

"आधी ती उलटी कर," इंगुन म्हणाली. "खालून किती फाटलंय ते बघू."

स्की उलटी केली. भोकाच्या कडेला एक ढलपी उठली होती, पण लाकूड चिरलं नव्हतं. खालून खुंटी ठोकली तर चाललं असतं. त्यासाठी भोकाभोवतीचं डांबर खरवडायला हवं होतं. हाल्वरने पातं घेतलं आणि तो खरवडू लागला. पन्नास वर्षांचे थर होते. थोडं खरवडल्यावर लाकडात एक गोल दिसला, वाटाण्याएवढा, बाजूच्या लाकडापेक्षा गडद. त्याने पुढे खरवडलं. दुसरा गोल. मग तिसरा. मग चौथा.

ती खुंट्यांची तोंडं होती. आरपार गेलेल्या भोकांत खालून ठोकलेल्या, तासून सपाट केलेल्या आणि वर डांबर फासलेल्या. जिथे सिग्वाल्डचे जुने खटके होते, बरोबर त्यांच्या खाली. उजव्या स्कीला एकही नव्हती. डावीला चारच्या चार.

मग इंगुनने तोंडावर हात घेतला आणि तिचे खांदे हलू लागले. हाल्वरला वाटलं ती रडतेय.

"बाबा!" ती हसत म्हणाली. "अहो बाबा! चार!"

"एका तासात," हाल्वर म्हणाला.

"एक ओरखडा नाही!"

"मी निदान एकाला थांबलो. यांनी खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही."

बावीस वर्षं हाल्वरला हा माणूस सांगितला गेला होता. सिग्वाल्ड असता तर हे लाकूड दोन घावांत फुटलं असतं. सिग्वाल्ड असता तर गाडी रुतली नसती. सिग्वाल्ड जिवंत असतानाही त्याच्यासमोरच त्याचं उदाहरण दिलं जायचं आणि तो सज्जन माणूस कॉफीत बघत बसायचा. तो कॉफीत का बघत बसायचा, ते हाल्वरला आज कळलं. सासऱ्याची त्याला पहिल्यांदाच मनापासून माया आली.

"आता मी सांगणार," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तिने तोंड उघडलं ना, की ही स्की उलटी करून समोर धरणार."

इंगुनचं हसू थांबलं.

"नाही सांगायचं, हाल्वर. तिच्यासाठी बाबांची ती एक गोष्ट आहे. नऊ वर्षं ती त्यांचं काहीतरी गळ्यात घालून हिंडतेय, काळ्या दोरीत. मलाही दाखवत नाही. तिचा एवढा तास तिला राहू दे."

हाल्वरला तिच्या आईच्या स्वेटरच्या गळ्यातून दिसणारी ती दोरी ठाऊक होती. तिच्या टोकाला लॉकेट असावं असं तो समजायचा. त्याने राग गिळला आणि बर्चची पाचवी खुंटी तासायला घेतली.

गुरुवारी दुपारी बोर्गहिल्ड स्की न्यायला आली. खटके बसले होते, दहाही स्क्रू घट्ट होते, पाचवी खुंटी वाळली होती आणि तळाला ताज्या डांबराचा हात फिरला होता. एवढंच नव्हे, तर तिला स्की उलट्या करायची गरजच पडू नये म्हणून हाल्वरने डांबरावर निळं मेणही लावून ठेवलं होतं.

बोर्गहिल्डने नवा बूट खटक्यात घातला. खट् असा आवाज आला. तिने दोन वेळा तो काढला, दोन वेळा घातला. मग नाक वर करून हुंगलं आणि टेबलाशी बसली. कॉफी आली, वेलदोड्याचे बन आले. हाल्वर आधीच एका जागी बसला होता आणि त्याचा उजवा तळवा टेबलातल्या भोकावर पालथा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याने तर अख्खा पंजा ठेवला होता.

"बन घे की," बोर्गहिल्ड म्हणाली.

त्याने डाव्या हाताने घेतला.

"कॉफीत साखर घाल."

त्याने डाव्या हाताने घातली. अर्धी बशीत सांडली.

"हात दुखतोय?"

"छे, छे. बरं वाटतं असं ठेवलं की."

"बर्गनला असंच बसतात वाटतं," ती म्हणाली. कॉफीचा घोट घेऊन तिने स्कींकडे पाहिलं. "तीन दिवस लागले तुला. सिग्वाल्डने एका तासात बसवले. उजवी, मग डावी. वाकून बघायचीसुद्धा गरज पडली नाही त्याला."

इंगुनने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. हाल्वरच्या जिभेच्या टोकावर चार खुंट्या आल्या. एक वाक्य, एकच, आणि बावीस वर्षांचा हिशेब फिटला असता. त्याने बनाचा केवढा तरी मोठा घास तोंडात कोंबला.

"हो," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "तशी माणसं आता होत नाहीत."

बोर्गहिल्डने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग तिने स्की खांद्यावर टाकल्या आणि म्हणाली, "मेण लावलंय वाटतं. मग माझी पेटी आणत नाही. उद्या आठला."

शुक्रवारी ऊन असं पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते. बोर्गहिल्ड पुढे, इंगुन मधे, हाल्वर शेवटी. त्याच्या पाठीवर पोतंभर सामान होतं: गोंद, तार, करवत, पक्कड, स्की मोडली तर बसवायची सुटी टोकं आणि सासूबाईंना ओढून न्यायची वेळ आली तर वीस हात दोर. रात्रभर त्याच्या स्वप्नात डावी स्की पाचव्या खुंटीशी कडकन मोडत होती.

"घर सोडून चाललायस का?" बोर्गहिल्डने वळून विचारलं.

"थोडं खायला घेतलंय."

"पिशवीतून करवतीची मूठ दिसतेय."

"चीज कडक आहे."

चोराच्या मनात चांदणं. बर्फ कुरकुरला की हाल्वरचा जीव गोळा व्हायचा. तिने डाव्या पायावर भार टाकला की तो डोळे मिटायचा, आणि त्यामुळे दोनदा बर्चच्या झाडांत घुसला. पण स्की मोडली नाही. खटका धरून होता, टाच मोकळी उचलली जात होती आणि शहात्तर वर्षांची बाई बकरीसारखी चढत होती. हळूहळू हाल्वरच्या जिवात जीव आला.

झाडं संपली तिथे घात झाला. ऊन तापलं, बर्फ ओलसर झाला आणि कालच्या थंडीचं निळं मेण त्यावर धरेना. बोर्गहिल्डचा पाय मागे घसरला. पुन्हा एक पाऊल टाकलं, पुन्हा घसरला.

"जांभळं मेण हवं," ती म्हणाली आणि पिशवीवर बसून स्की सोडू लागली.

"मी लावतो!" हाल्वर मागून ओरडला आणि धापा टाकत पोचला. "आई, तुम्ही बसा, मी लावतो, तुम्ही डोंगर बघा!"

"डोंगर पन्नास वर्षं बघतेय. माझ्या स्कीला मीच मेण लावते."

तिने डावी स्की मांडीवर उलटी घेतली. मेण लावायचं ते नेमकं पायाखालच्या पट्ट्यात, जिथे खुंट्या होत्या तिथेच. तिथे हात फिरला की त्या बोटांना लागतील, हे समुद्रकाठच्या माणसाच्या डांबर फासताना ध्यानातच आलं नव्हतं. काळ्यावर काळं दिसत नाही, एवढंच त्याने पाहिलं होतं. बोर्गहिल्डने हातमोजा काढून तळावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. सरकला. थांबला.

"पाच," ती म्हणाली.

हाल्वरने इंगुनकडे पाहिलं.

"चार होत्या. आता पाच आहेत," बोर्गहिल्ड म्हणाली. तिने इंगुनने काढून दिलेलं जांभळं मेण पट्ट्यावर घासलं आणि हात पुढे केला. "बूच."

हाल्वरने खिशात हात घातला आणि तिथेच त्याला बुचातलं भोक आठवलं. पण घरात बूच एकच होतं. त्याने ते काढून तिच्या हातावर ठेवलं. बोर्गहिल्डने ते फिरवलं, मग डोळ्याला लावलं आणि भोकातून जावयाकडे पाहिलं. हाल्वरला पलीकडे एक निळा डोळा दिसला.

"ड्रिलला लावलं होतंस?"

"हो."

"चढलं?"

"हो. आई, मी तुम्हाला सांगणार होतो. स्की पक्की आहे, मी शपथ घेतो, पण तुमची ही खेप चुकली असती ना, तर मी स्वतःला—"

"थांब रे जरा."

तिने स्वेटरच्या गळ्यात हात घालून काळी दोरी ओढली. दोरीच्या टोकाला लॉकेट नव्हतं. एक जुनं, काळवंडलेलं बूच होतं आणि दोरी त्याच्या मधल्या भोकातून ओवली होती.

"आई," इंगुन म्हणाली.

"लग्नानंतर पहिल्यांदा मेण लावताना अंगठ्याला चार गाठी लागल्या," बोर्गहिल्ड म्हणाली. "मी काही बोलले नाही. एका तासात केलं म्हणून माणूस इतका खूश होता. दर वर्षी डांबर मात्र तोच लावायचा, मला हात लावू द्यायचा नाही. तो गेल्यावर त्याच्या हत्यारांत हे मिळालं. तेव्हा कळलं, कसं झालं ते." तिने नाक ओढलं. थंडीने असेल. "वेडा माणूस. एक चिकटपट्टी गुंडाळायची, तर नाही."

"पट्टी सरकते," हाल्वर नकळत बोलून गेला.

"तोसुद्धा हेच म्हणाला असता."

ती हाल्वरच्या बुचाने मेण घासू लागली. घासता घासता म्हणाली, "काल आत आले तर डांबराचा वास. डांबर लावलंस म्हणजे तळ खरवडलास, तळ खरवडलास म्हणजे खुंट्या पाहिल्यास. म्हणून मुद्दाम म्हटलं, बघू जावई काय करतो. तू बन खाल्लास."

"मोठा होता बन."

"सिग्वाल्डची लाज राखलीस तू," बोर्गहिल्ड म्हणाली. "ते मी विसरणार नाही." मग लगेच, जणू आपण फार बोललो असं वाटून, "टेबलाला किती भोकं पडली?"

"एकच."

"बरं झालं. मला ते टेबल कधी आवडलंच नाही. डुगडुगतं."

घासून झाल्यावर तिने पिशवीतून जुन्या बुटांची नाडी काढली. फेकली नव्हती, कारण नव्या नाड्या फक्त आर्नफिनकडे मिळतात. ती तिने हाल्वरच्या बुचातून ओवली, गाठ मारली आणि त्याला वाकायला सांगून गळ्यात अडकवली.

"असं हरवत नाही," ती म्हणाली. मग तिने स्की घातल्या, खट्, खट्, आणि वाट सोडून बाजूला उभी राहिली. "हो पुढे."

हाल्वरने मागे वळून पाहिलं. मागे या वेळीही कुणी नव्हतं.

"तू! तुलाच सांगतेय. पन्नास वर्षं मीच पुढे चालतेय, कंटाळा आला."

तो पुढे झाला. समोर कुणाच्याही पायांचा माग नव्हता, नुसता पांढरा उतार आणि वर दगडांची रास. पाठीवर करवत खडखडत होती, छातीवर बूच आपटत होतं. चढ त्याला झेपत नव्हता, पण थांबायची सोय नव्हती. शंभरेक पावलं गेली असतील.

"सिग्वाल्ड असता," मागून आवाज आला, "तर एव्हाना वर पोचून संत्रं सोलत बसला असता!"

बावीस वर्षांत हाल्वरने या वाक्याला कधी उत्तर दिलं नव्हतं.

"हो," तो पुढूनच ओरडला, "आणि संत्र्याला चार भोकं पाडली असती!"

मागे स्कींचा आवाज बंद झाला. आपण काय बोलून बसलो, असं हाल्वरला वाटलं. आणि मग त्याला ऐकू आलं, आधी बारीक, मग खदखदून, मग दम लागून पुन्हा पहिल्यापासून. आपली सासू हसते कशी हे त्याने आजवर कधी ऐकलंच नव्हतं.

त्याने वळून पाहिलं नाही. उगाच हसायची थांबली असती.